विजेचं विचारा : तांब्याचा हिशेब

गेल्या अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो, की डेटा सेंटरवाले (इंटरनेटचे हजारो संगणक म्हणजे सर्व्हर एका इमारतीत ठेवून चालवणारे) आता आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या वाटेला लागलेत, म्हणजे डीसीकडे. त्या वाक्याने घोळ केला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं हे विचारणारी पत्रं तीन, आणि ‘डीसी परत येतंय म्हणजे काय’ असं विचारणारी सतरा! तेव्हा हा महिना डीसीचा. डीसी म्हणजे बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी वीज. एसी म्हणजे घरच्या सॉकेटमधली, सतत दिशा बदलणारी. डिस्टिल्ड वॉटरवाल्यांनी रागावू नये. प्लेटा बुडालेल्या असल्या पाहिजेत एवढं तूर्त लक्षात ठेवा, बाकीचं पुढच्या वेळी.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख : १९७९ साली टेलिफोन खात्यात ज्युनियर इंजिनिअर म्हणून चिकटलो, २०१६ ला निवृत्त झालो, आणि त्यानंतर सहा वर्षं पुण्यातल्याच एका डेटा सेंटरच्या इलेक्ट्रिकल विभागात सल्लागार म्हणून जात होतो. म्हणजे उमेदीची सगळी वर्षं ४८ व्होल्ट डीसीत गेली आणि उतारवयात ४१५ व्होल्ट एसी पदरात पडलं. दोन्हीकडची पोळलेली बोटं आहेत, म्हणून लिहितो.

प्रश्न : माझी सून हिंजवडीत डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. ती म्हणते, एआयचे नवे सर्व्हर ८०० व्होल्ट डीसीवर चालणार. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं की एडिसनचं डीसी हरलं आणि एसी जिंकलं. मी मुलांना चुकीचं शिकवलं का? (निवृत्त विज्ञान शिक्षक, वाकड)

सर, तुम्ही बरोबरच शिकवलंत. पाठ्यपुस्तकातली गोष्ट मात्र अर्ध्यातच संपते.

एडिसनने १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. ११० व्होल्ट डीसी. गिऱ्हाइकं सगळी मैलभराच्या आतली, कारण त्यापलीकडे एकतर दिवे मिणमिणायचे, नाहीतर तारा इतक्या जाड घ्याव्या लागायच्या की दिवाळं निघावं. तेवढीच शक्ती कमी व्होल्टवर न्यायची तर करंट जास्त लागतो, आणि तार तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, नासाडी चौपट. म्हणून व्होल्ट चढवून न्यायचे आणि दारात उतरवून घ्यायचे. एसीला हे चढणं-उतरणं ट्रान्सफॉर्मरने जमतं : लोखंडी गाभा, दोन वेटोळी, हलणारा भाग एकही नाही. त्याच ट्रान्सफॉर्मरला डीसी दिलं तर पहिलं वेटोळं तापून जळतं आणि दुसऱ्यातून काही निघत नाही. त्या काळी डीसीचे व्होल्ट बदलायला सुटसुटीत साधनच नव्हतं. हरलं ते तिथे.

आज ते साधन तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्ये बसलंय. सेमीकंडक्टरचा स्विच सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप करतो आणि डीसीचे व्होल्ट हवे तसे करून देतो. मोठ्या मापाचं बघायचं तर आपल्या राज्यातच बघा. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची लाइन आहे, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट डीसी, क्षमता १५०० मेगावॉट. विदर्भातली वीज मुंबईच्या दारात अशी येते. ज्या न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं डीसी सुरू झालं तिथलं शेवटचं डीसी कनेक्शन मात्र २००७ च्या नोव्हेंबरात तोडलं. तोवर मॅनहॅटनमधल्या काही जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्यावर चालत होत्या. म्हणजे सव्वाशे वर्षं! आपल्याकडे मीटर बदलायलाही एवढा वेळ लागत नाही.

आता सूनबाईंच्या ८०० व्होल्टकडे येतो. रॅक म्हणजे माणसाहून थोडं उंच लोखंडी कपाट, त्यात सर्व्हर एकावर एक रचलेले. मी डेटा सेंटरमध्ये जायला लागलो तेव्हा एका रॅकला पाच-सात किलोवॉट म्हणजे डोक्यावरून पाणी. एआयच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचं आजचं ७२ चिपांचं कपाट १२० किलोवॉटच्या घरात जातं. कपाटाच्या पाठीमागे तांब्याची उभी पट्टी असते, तिला बसबार म्हणतात, आणि तीतून ५० व्होल्टच्या आसपासचं डीसी खेळतं. ५४ धरा. १२० किलोवॉट भागिले ५४, म्हणजे २,२०० अँपिअर. तुमच्या फ्लॅटचा मेन स्विच बहुधा ४० किंवा ६३ अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. तरीही एवढं जमतं. पुढे हे म्हणतात, एकेक कपाट १ मेगावॉटचं करू. दहा लाख भागिले ५४ : साडेअठरा हजार अँपिअर. एवढ्याला एका कपाटात २०० किलोपर्यंत तांबं लागेल, असं कंपनीनेच २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं. दोनशे किलो! आपल्या तांबट आळीत एवढ्या तांब्यात बंब, घंगाळं, कळश्या मिळून एखाद्या लग्नाचा रुखवत मांडता येईल. आणि तांबं भरल्यावर संगणक ठेवायचा कुठे?

तेच ८०० व्होल्टने आणलं तर १,२५० अँपिअर. म्हणून २०२७ पासून तिकडे वळायचं ठरलंय.

तुम्ही शिक्षक आहात, लगेच विचाराल की मग रॅकपर्यंत एसीच का नेत नाहीत. नेता येतं, आजवर नेतातच. पण चिप शेवटी डीसीच खाते, तेही एक व्होल्टच्या आसपास. एसीचं डीसी करणारे पॉवर सप्लाय मग त्या कपाटातच बसवावे लागतात, आणि मेगावॉटच्या मापाला गेलं की कपाट त्यांनीच भरतं. तो उद्योग खोलीबाहेर एकदाच उरकायचा आणि आत तयार डीसी आणायचं, असा हा बेत. एसी-डीसीचं युद्ध वगैरे मथळे वर्तमानपत्रांना लखलाभ. मला त्यात पहिल्यापासून तांब्याचं भांडण दिसतं.

प्रश्न : मी लोणावळ्याहून बावीस वर्षं पासावर मुंबईला गेलो. डेक्कन क्वीन पूर्वी डीसीवर धावायची. रेल्वेने पैसा ओतून सगळं एसी केलं. रेल्वेने टाकलेलं डेटा सेंटर उचलणार, यात शहाणं कोण?

दोघंही, आणि दोघांचं कारणही एकच.

डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं. त्या काळाला ते भरपूर होतं. पुढे डबे वाढले, गाड्या वाढल्या. समजा इंजिनाला ४ मेगावॉट लागतात. १५०० व्होल्टवर तारेतून अडीच हजाराच्या वर अँपिअर ओढायला हवेत. २५ हजार व्होल्टवर १६० अँपिअरमध्ये काम भागतं. डीसीला तार जाड, दर काही किलोमीटरला सबस्टेशन. २५ हजार एसीला सबस्टेशन चाळीस-पन्नास किलोमीटरवर टाकलं तरी चालतं. मध्य रेल्वेने मुंबईकडचं शेवटचं डीसी २०१५-१६ मध्ये गुंडाळलं ते यासाठी. मधल्या वर्षांत दोन्हीवर चालणारी इंजिनं होती ती तुम्हाला आठवत असतील. गाडी वेगात असताना डब्यातले पंखे-दिवे न मिचकावता इंजिन खालून कूस बदलायचं, मोठी सुंदर गोष्ट होती ती.

म्हणजे रेल्वेने १५०० व्होल्ट सोडले ते कमी पडले म्हणून, आणि डेटा सेंटर ५४ व्होल्ट सोडतंय तेही कमी पडले म्हणून. आजच्या थ्री-फेज इंजिनाच्या पोटात बघाल तर आणखी मजा. वरून एसी येतं, ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो, त्याचं डीसी होतं, आणि त्या डीसीचं पुन्हा एसी करून मोटारींना देतात. एका इंजिनात तिन्ही मुक्काम!

जाता जाता : आपल्या मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड आणि वनाजच्या मार्गांवर डोक्यावर २५ हजार व्होल्ट एसीची तार आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाला वर तारच नाही. तिथे रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी. एकाच गावात दोन जाती, आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक.

प्रश्न : आमच्या डेटा सेंटरमध्ये एक विक्रेता येऊन सांगून गेला की डीसीवर गेलात तर वीज २८ टक्के वाचेल. मानायचं का? (फॅसिलिटी इंजिनिअर, बाणेर)

हा २८ चा आकडा मला जुन्या मित्रासारखा भेटतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात नेवार्कला, सन मायक्रोसिस्टिम्सच्या आवारात, डीसी वितरणाचा प्रयोग मांडला होता. त्या काळच्या सर्वसाधारण एसी व्यवस्थेशी तुलना केली तर सुधारणा २८ टक्क्यांपर्यंत. आणि त्याच काळच्या उत्तम एसी व्यवस्थेशी केली तर ५ ते ७. विक्रेते पहिलं वाक्य पाठ करतात आणि दुसऱ्याशी त्यांना खोकला येतो.

शिवाय ते आकडे जवळपास वीस वर्षांपूर्वीचे. तेव्हाचा हिशेब मांडून बघा. यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारं यंत्र, एसीचं डीसी करणार, बॅटरीला हात लावून पुन्हा एसी करणार, धरा ९० टक्के. मधला ट्रान्सफॉर्मर ९८. सर्व्हरचा पॉवर सप्लाय ७५. तिन्हींचा गुणाकार ६६. म्हणजे शंभरातले चौतीस वाटेतच तापून गेले, आणि त्या उष्णतेला बाहेर काढायला चिलर म्हणजे गारव्याची यंत्रं चालवा, ते बिल वेगळं. अशा ढिसाळ घरात कोणीही पाहुणा आला तरी सुधारणा दिसणारच. आज चांगला यूपीएस ९७, ट्रान्सफॉर्मर ९९, टायटॅनियम म्हणजे वरच्या दर्जाचा पॉवर सप्लाय अर्ध्या लोडला ९६. गुणाकार ९२. डीसीने त्यावर माझ्या हिशेबाने दोन-तीन टक्के चढतात. एसीने या वीस वर्षांत डीसीच्या धाकानेच व्यायाम केला, असं मी म्हणतो.

दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असंही समजू नका. १ मेगावॉटच्या लोडला २० किलोवॉट, वर्षाला पावणेदोन लाख युनिट. नऊ रुपये युनिट धरलं तर पंधरा-सोळा लाख रुपये. पण त्यासाठी एसीचं डीसी करणारे नवे रेक्टिफायर, नवे ब्रेकर, नवे सर्व्हर, आणि रात्री दोन वाजता ते उघडू शकणारा माणूस लागणार. त्या माणसाचं कोटेशन विक्रेत्याने दिलं का?

मी तुमच्या जागी असतो तर त्याला एकच विचारलं असतं : तुझे सगळे टक्के तीस टक्के लोडला किती? कारण आपल्याकडे प्रत्येक रॅकला दोन बाजूंनी वीज असते, ए आणि बी. एक गेली तर दुसरीने सगळं उचलायचं, म्हणून एकही निम्म्याच्या वर चालवायची नाही. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांची कपाटं पूर्ण भरलेली नसतात, तेव्हा यूपीएस तीस-पस्तीस टक्क्यांवर रेंगाळत असतो. मी होतो तिथे एका मजल्यावरचे दोन यूपीएस पहिली दोन वर्षं अठरा टक्क्यांच्या वर गेले नाहीत. कॅटलॉगवरचे ९७ हे अर्ध्या-पाऊण लोडचे. तिथेच यूपीएसची चार मोड्यूल झोपवून बाकीच्यांवर लोड ढकलला आणि जी वीज वाचली, तिला कोणी एसी म्हणालं नाही की डीसी म्हणालं नाही. आधी ते करून बघा.

आणि एक. तुमच्याकडे जागा भाड्याने घेणारी गिऱ्हाइकं आपापले सर्व्हर घेऊन येतात ना? त्यांच्या पाठीला नेहमीची एसीची कॉर्ड. त्यांना तुम्ही ३८० व्होल्ट डीसीचं सॉकेट दाखवलंत तर ते चहा पिऊन शेजारच्या डेटा सेंटरमध्ये जातील. झुरिकजवळ २०१२ मध्ये १ मेगावॉटचं ३८० व्होल्ट डीसी केंद्र उभं राहिलं, गाजलंही, पण पाठोपाठ रांग लागली नाही ती यामुळेच असं माझं मत. इमारत आणि सर्व्हर एकाच मालकाचे असतील तिथे डीसी जमतं. गूगलने स्वतःच्या रॅकमध्ये १२ ऐवजी ४८ व्होल्ट घेतले आणि २०१६ मध्ये ती रचना सगळ्यांपुढे मांडली. व्होल्ट चौपट, करंट पाव, पट्टीतली नासाडी सोळावा हिस्सा. मालक एक, म्हणून कोणाला विचारायला लागलं नाही. चिनी कंपन्यांनी २४० व्होल्ट डीसी निवडलं त्यातही हुशारी आहे : साध्या एसी पॉवर सप्लायच्या तोंडाशीच रेक्टिफायर असतो, त्यामुळे बऱ्याच सप्लायना २४० डीसी चालून जातं. हे वाचून कोणी घरच्या कॉम्प्युटरवर प्रयोग करू नये. आतला फ्यूज आणि स्विच डीसी तोडायला केलेले असतीलच असं नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : सर, मी आयटीआय करून दोन वर्षं डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल शिफ्टला आहे. आमच्याकडे डीसी येणार असं ऐकतो. सीनियर म्हणतात, डीसी पकडून ठेवतं. ४१५ एसी आणि ८०० डीसी यात भीती कशाची जास्त? (भोसरी)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण बाकी सगळे पैशाचं विचारतात आणि तू हाताचं विचारलंस.

दोन गोष्टी वेगळ्या ठेव. शॉक एक, आणि आर्क, म्हणजे स्विचची पाती सुटताना मधल्या हवेत पेटणारी ठिणगी, ती दुसरी. शॉकचं बोलायचं तर तेवढ्याच करंटला आपलं ५० हर्ट्झचं एसी हृदयाला जास्त वाईट. तोच घात करायला डीसीचा करंट काही पट जास्त लागतो. पण ८०० व्होल्टला हा हिशेब करायला माणूस शिल्लक राहत नाही, तेव्हा तो विषय बंद.

डीसीत घाबरायचं ते आर्कला. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं. तू ब्रेकर पाडलास, पाती लांब गेली, मधे आर्क पेटली, की सेकंदाच्या शंभराव्या भागात तिचा श्वास एकदा तुटतो आणि बहुतेक वेळा ती तिथेच मरते. डीसीला शून्य नाहीच. आर्क पेटली की पेटलेली राहते, आणि तिला ओढून, लांबवून, थंड करून मारावी लागते. म्हणून डीसी ब्रेकरमध्ये चुंबकं असतात, आर्क तोडणाऱ्या पत्र्यांच्या चळती लांब असतात, फ्यूजमध्ये वाळू ठासलेली असते. ‘पकडून ठेवतं’ हे तुझ्या सीनियरचं वाक्य माणसापेक्षा स्विचला जास्त लागू पडतं.

याचा नमुना मला मागच्या उन्हाळ्यात कोथरूडमध्ये मिळाला. ओळखीच्या एका सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलंय. सेक्रेटरींचा फोन : खोक्यातून वास येतोय. वर गेलो. बसवणाऱ्याने पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांवर घरातला साधा एसीचा एमसीबी टाकला होता. पाच-सहाशे व्होल्टची डीसी ओळ आणि त्यावर तीनशे रुपयांचा एमसीबी! दोन वर्षं काही झालं नाही, कारण भर उन्हात तो कोणी पाडलाच नव्हता. त्या दिवशी साफसफाईसाठी वॉचमनने दुपारी एक वाजता तो खाली केला. दांडी खाली आली, पण आतली आर्क विझली नाही. मी खोकं उघडलं तेव्हा एमसीबीची एक कड करपलेल्या पापडासारखी तपकिरी होऊन फुगली होती, आणि आतलं पातं वितळून दुसऱ्याला चिकटलं होतं. वॉचमनने खोक्याचं झाकण आधी लावलं आणि मग हात मागे घेतला, की उलट, हे त्याला आठवत नव्हतं. हात शाबूत होता. डीसी एमसीबीवर अधिक-उणे छापलेलं असतं तेही बघत जा. काहींना उलटं जोडलं तर चुंबक आर्कला बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. १९८७, पुण्यातलंच एक एक्स्चेंज, रात्रपाळी. बॅटरी रूममध्ये लाकडी घोड्यांवर चोवीस सेल दोन रांगांत, प्रत्येक सेल गुडघ्याहून उंच. ॲसिडचा वास नाकात बसलेला, खाकी पँटला मांडीवर छिद्रं. रोज हायड्रोमीटर बुडवून घनता वहीत लिहायची, ‘बाराशे दहा, बाराशे दहा, बाराशे पाच’. त्या बाराशे पाचवाल्या सेलचा नट मला ढिला वाटला. पाना घेतला. त्या पान्याच्या मुठीला टेप गुंडाळलेली असायला हवी होती, ती सुटलेली होती, आणि मला ते माहीत होतं. नट फिरवता फिरवता पान्याचं दुसरं टोक शेजारच्या रांगेतल्या पट्टीला टेकलं.

आवाज मोठा नव्हता. बंद खोलीत कोणीतरी ओलं धुणं आपटावं तसा. पण उजेड असा की पुढची काही मिनिटं मला फक्त जांभळं दिसत होतं. शॉक काडीचा नाही. ४८ व्होल्ट कोरड्या हाताला कळतसुद्धा नाहीत. पण त्या सेलमधून शॉर्टला हजारो अँपिअर निघतात, आणि पोलाद त्यात मेणासारखं जातं. उजव्या मनगटाला तांब्याच्या बारीक थेंबांचे डाग आहेत, ते अजून दिसतात. पाना माझ्या हातात नव्हता, तो दोन पावलांवर पडला होता आणि त्याच्या टोकाला उंदराने भाकरी कुरतडावी तसा अर्धगोल चावा होता. बॅटरी रूममध्ये हायड्रोजन साठतो म्हणून एक्झॉस्ट पंखा लागतो. त्या रात्री तो चालू होता, म्हणून हे सदर आहे. वहीत मी ‘नट आवळला’ एवढंच लिहिलं.

तेव्हा तुला सांगायचं ते हे. अंगठी, कडं, घड्याळ लॉकरमध्ये. हत्याराची मूठ रोज बघायची. लोड चालू असताना डीसी कनेक्टर कधी, कधीही ओढायचा नाही. आधी लोड बंद, मग ब्रेकर, मग मीटर. ब्रेकर पाडला म्हणजे संपलं असं नाही, आतले कपॅसिटर चार्ज धरून बसतात, पाटीवर लिहिलेली मिनिटं मोजून थांबायचं आणि पुन्हा मीटर लावायचा. मीटर आणि त्याच्या वायरी त्या डीसी व्होल्टच्या रेटिंगच्या हव्यात. घरातल्या नेहमीच्या प्रकारच्या आरसीसीबीला (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सपाट डीसी गळती कळत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. आणि डीसी यायच्या आधी कंपनीकडे ट्रेनिंग लेखी माग. तोंडी मागितलेलं ट्रेनिंग पुढच्या तिमाहीत असतं.

प्रश्न : घरातले एलईडी दिवे, लॅपटॉप, मोबाइल, नवे पंखे, सगळं आतून डीसी. मग घरालाच डीसी का देत नाहीत? (सहकारनगरच्या एक वाचक भगिनी)

ताई, द्यायचा विचार झालाय. आयआयटी मद्रासने ४८ व्होल्ट डीसी घरांवर बरंच काम केलं, आणि भारतीय मानक संस्थेने २०१७ मध्ये त्याचं मानकही काढलं. दिवे-पंख्यांपुरतं ते छान आहे. नवा बीएलडीसी पंखा तीसएक वॉटमध्ये फिरतो, ४८ व्होल्टला एक अँपिअरही लागत नाही.

गाडी अडते गिझरपाशी. २ किलोवॉट भागिले ४८, बेचाळीस अँपिअर. स्वयंपाकघरातल्या तारेची जाडी बघा आणि ठरवा. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशिन, सगळ्यांचं तेच. मुळशीकडे शेतघर असेल, महावितरणची लाइन लांब असेल, सोलर आणि बॅटरी बसवणारच असाल, तर दिवे-पंखे-टीव्ही डीसीवर घ्या. इन्व्हर्टर सारखा गुणगुणत स्वतःच वीज खातो ती वाचते. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये भिंती फोडू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. टेलिफोन एक्स्चेंजचे व्होल्ट ‘उणे ४८’ असं वाचलं. उणे का? आणि ४८ च का? (चिंचवड)

शिशाच्या एका सेलचे २ व्होल्ट, असे चोवीस सेल. पन्नास-साठ व्होल्टच्या खाली राहिलं की माणसाला जीवघेणा धक्का बसायची भीती कमी, आणि गावाच्या टोकाच्या फोनपर्यंत करंटही पोचतो, असा तो मध्य गाठला गेला. सेल चार्जिंगवर टांगून ठेवला की सव्वादोन व्होल्टवर राहतो, त्याला चोवीसने गुण. चोपन्न आले ना? वरच्या पहिल्या उत्तरातले चोपन्न ते हेच. एआयच्या कपाटात तो आकडा वाचला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

उणे का, याचं उत्तर मातीत आहे. आमच्या केबली जमिनीखाली, ओलाव्यात. कुठेतरी गळती होणारच. तार जमिनीपेक्षा अधिक असेल तर गळती करंट तारेतून मातीत जातो आणि जाताना तांब्याचे आयन घेऊन जातो, तार झिजते. तार उणे ठेवली की करंट उलटा, मातीतून तारेकडे येतो आणि तार शाबूत राहते. म्हणून बॅटरीचं अधिक टोक आम्ही जमिनीला बांधायचो. तू रसायनशास्त्रात इलेक्ट्रोप्लेटिंग शिकला असशील, तेच.

पत्राच्या शेवटी तू ‘जुन्या एक्स्चेंजमधलं काही बघायला मिळेल का’ असं विचारलंयस. हायड्रोमीटर फुटला. चावा घेतलेला पाना आहे, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, आमच्या घरी नारळ फोडायला वापरतात. माझा पत्ता संपादकांकडून घे आणि रविवारी सकाळी नऊनंतर ये, आईला सांगून.